दादरचा रशियन वर्ग : साडेतीन तारे आणि चौदाशे रुपये येणे

आधी व्यवहाराचं सांगते. चोवीस तासिका, शनिवार-रविवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, बारा आठवडे. फी ८,४०० रुपये, नोट्सच्या झेरॉक्सचे ३०० वेगळे. जागा दादर पश्चिमेला, पहिला मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि त्यावर कायम कुणाच्या तरी चपला. वर्गाचं नाव लिहीत नाही. एकतर माझं त्यांच्याशी १,४०० रुपयांवरून वाजलंय, आणि दुसरं म्हणजे शिकवणाऱ्या मॅडमना माझ्या लिहिण्याचा ताप नको.

खोलीत एसी आहे. तो लावला की मॅडमचा आवाज ऐकू येत नाही, बंद केला की खालच्या भजीवाल्याच्या कढईचा वास वर येतो. आम्ही मतदान घेऊन वास पत्करला.

वर्गात नऊ जण. त्यातली सहा पोरं एमबीबीएससाठी रशियाला निघालेली, सांगली, जळगाव, नगर अशी कुठकुठली. त्यांना 'कुठे दुखतंय', 'श्वास घ्या' आणि 'हॉस्टेलचा गीझर चालत नाही' एवढं आलं की पुरे होतं. एक घाटकोपरचे भाई, हिऱ्यांच्या धंद्यातले, रशियन मालावर निर्बंध आल्यापासून कावलेले. एक आयटीतला बुद्धिबळवेडा मुलगा. आणि नववी मी, वय ५७, बँकेतून व्हीआरएस घेतलेली, परळला राहणारी. सगळ्यांनी आपापलं कारण सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मला एका फोटोच्या मागे काय लिहिलंय ते वाचायचंय." पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

फोटोचं असं. माझे बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, लाल बावट्याचे कट्टर. १९६७ साली रशियातून कामगारांचं एक शिष्टमंडळ परळला आलं होतं, तेव्हाचा हा फोटो. हार घातलेले चार गोरे आणि मध्ये बाबा, इस्त्रीचा एकुलता एक सदरा घालून. मागच्या बाजूला निळ्या शाईत तीन ओळी. त्या काय आहेत हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. "चांगलंच लिहिलं असणार," म्हणायचे आणि फोटो परत ट्रंकेत टाकायचे. त्याच ट्रंकेत मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं आणि 'सोव्हिएत लँड'चे अंक होते. त्या अंकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं आम्हा भावंडांच्या वह्यांना शाळा संपेपर्यंत पुरली. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर, इतिहासाच्या वहीवर गागारिन.

आता शिकवण्याबद्दल. मुळाक्षरं दोन आठवड्यांत होतात, त्यात विशेष काही नाही, ती फोनवरही शिकता येतात. पण हाताने लिहिलेली रशियन ही छापील रशियनपेक्षा वेगळीच चीज आहे. म, ल, श, इ एकामागोमाग आले की कागदावर नुसत्या लाटा दिसतात, कुठे एक अक्षर संपलं आणि कुठे दुसरं सुरू झालं पत्ता लागत नाही. ज्यांनी घरातलं जुनं मोडी खत उलगडून पाहिलंय त्यांना कल्पना येईल. इथे चार रविवार फक्त हस्ताक्षर घेतात. याला पैकीच्या पैकी.

मॅडम जन्माने येकातेरिनबुर्गच्या, लग्नाने मुंबईच्या. मराठी सासूकडून शिकल्या आणि सासू रत्नागिरीची, त्यामुळे मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना "काय गो, गृहपाठ केलंस?" म्हणतात. भाईंनाही. भाई पहिल्या दिवशी मागे वळून बघत होते, कोणाला विचारलं म्हणून.

रशियनमध्ये मोठ्या माणसाला 'मॅडम', 'सर' म्हणत नाहीत, त्याचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव जोडून हाक मारतात. आपण बापाचं नाव फॉर्मवर लिहितो, ते तोंडाने घेतात, एवढाच फरक. त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून पांडुरंगोव्ना. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. दर शनिवारी-रविवारी कुणीतरी त्यांचं नाव मोठ्याने घेतंय, तेही रशियनमधून, हे ८,४०० रुपयांत मला तरी स्वस्त पडलं.

मॅडमचं शहर हा एक वेगळा धडाच आहे. त्या जन्मल्या तेव्हा त्याचं नाव स्वेर्दलोव्स्क होतं, याकोव स्वेर्दलोव या बोल्शेविक पुढाऱ्यावरून. १९९१ला शहराला झारच्या काळातलं नाव परत दिलं, पण भोवतालचा प्रांत अजून स्वेर्दलोव्स्कच आहे. लेनिनग्राडचंही तसंच : शहर सेंट पीटर्सबर्ग झालं, प्रांत लेनिनग्राड राहिला. पोरांना हे विचित्र वाटलं. मी म्हटलं, "त्यात काय, शहर मुंबई झालं तरी हायकोर्ट बॉम्बेच आहे ना." मॅडमनी नकाशा काढून दाखवला. चौकात लेनिनचा पुतळा उभा, रस्त्याला लेनिनचं नाव. तिथून चालत गेलं की झार निकोलसला १९१८च्या जुलैत बायकामुलांसकट गोळ्या घातल्या ती जागा, आता तिथे मोठं चर्च. ज्या घराच्या तळघरात हे झालं ते १९७७ला पाडलं, तेव्हा तिथला पक्षाचा प्रमुख होता बोरिस येल्त्सिन, जो पुढे रशियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. आणि तिथून जवळच २०१५ला उघडलेलं भव्य येल्त्सिन सेंटर. "मारणारे, मेलेले आणि घर पाडणारा, सगळ्यांना आमच्या गावात जागा मिळाली," मॅडम म्हणाल्या. हे विनोदाने म्हणाल्या की कसं, ते मला तेव्हा कळण्याइतकी त्यांची ओळख नव्हती.

वर्गाची खरी किंमत आहे ती क्रियापदांत. रशियनमध्ये बहुतेक क्रिया जोडीने येतात, एक चालू असलेली आणि एक उरकलेली. मॅडमनी फळ्यावर लिहिलं : स्त्रोइली, बांधत होतो. पस्त्रोइली, बांधून झालं. उदाहरण त्यांच्या लहानपणचं. १९६१च्या पक्ष अधिवेशनात तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव याने जाहीर केलं की वीस वर्षांत पाया घालून होईल आणि आताच्या पिढीला कम्युनिझममध्ये राहायला मिळेल. १९८० उजाडलं तेव्हा मॅडम तेरा वर्षांच्या, गळ्यात पक्षाच्या बालसंघटनेचा लाल रुमाल, आणि मॉस्कोत आलं ऑलिंपिक. कबूल केला होता कम्युनिझम, मिळालं ऑलिंपिक, असा त्या काळचा विनोद. "म्हणून या वाक्यात पहिलं क्रियापद वापरायचं गो," मॅडम म्हणाल्या, "दुसरं वापरलंस तर मार्क कापीन."

असंच एक 'कुपीत' आणि 'दस्तात'. पहिलं म्हणजे विकत घेणं. दुसरं म्हणजे कुठूनतरी हाताला लावणं. त्यांच्या घरी सॉसेज, बूट, डबाबंद वाटाणे यातलं काही कधी 'घेतलं' नाही, 'दस्तात' केलं. पोरांना फरक कळेना. मला बरोबर कळला. आमच्या चाळीत रॉकेल कुणी विकत आणत नसे, पैदा करत असे.

आता नवव्या आठवड्यातला रविवार. त्या दिवसासाठी मी या वर्गाला अर्धा तारा जास्त देतेय.

धडा होता कर्ता नसलेल्या वाक्यांचा. मॅडमनी प्रत्येकाला आपल्या घरातलं एक वाक्य आणायला सांगितलं होतं. कुणी 'पाणी गेलं' आणलं, कुणी 'रस्ता खणला' आणलं. मी म्हटलं, "गिरणी बंद पडली."

"कुणी बंद केली?" मॅडम.

"कुणी म्हणजे... पडली."

"आपोआप?"

त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. फाब्रिका झाक्रीलास, म्हणजे गिरणी बंद झाली, आपली आपणच. फाब्रिकु झाक्रीली, म्हणजे गिरणी बंद केली. कुणी केली ते लिहिलेलं नाही, पण क्रियापद अनेकवचनी, म्हणजे कुणीतरी माणसं होती. मी उठून खाली मराठीत लिहिलं : बंद पडली, बंद पाडली. एका कान्याचा फरक. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, संप कुणी रीतसर मागे घेतला नाही आणि गिरण्याही पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. पुढे आमच्या चाळीत या एका कान्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. एक म्हणायचा संपाने पडली, दुसरा म्हणायचा मालकाने जमिनीसाठी पाडली. बाबा मात्र कायम 'पडली'च म्हणत. १९९१च्या डिसेंबरात टीव्हीवर क्रेमलिनवरचा लाल बावटा उतरल्याची बातमी आली, तेव्हाही एवढंच म्हणाले, "ती पण बंद पडली." काना नाही.

हे सगळं मी वर्गात बोलून गेले. मॅडम ऐकून घेत होत्या. मग उठल्या आणि कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बंद केलं. (गैरहजर मुलांसाठी रेकॉर्डिंग देतात. ते तीन ठिकाणी अर्धवट आहे अशी तक्रार ग्रुपवर आहे. माझी नाही.) फळ्यावर नवीन वाक्य लिहिलं : येवो झाब्राली.

त्याला नेलं.

पुन्हा कर्ता नाही. १९३७-३८ मध्ये कुणाच्या घरचं माणूस गेलं की शेजारी एवढंच म्हणत आणि ऐकणाऱ्याला 'कुणी' असं विचारायची गरज नसे. त्या दोन वर्षांत सरकारच्याच कागदांप्रमाणे ६ लाख ८१ हजारांवर माणसांना गोळ्या घातल्या. मॅडमचे पणजोबा रेल्वेत होते. १९३८च्या फेब्रुवारीत त्यांना नेलं. घरच्यांना सांगण्यात आलं, 'दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही'. म्हणजे काय, ते फार नंतर लोकांना कळलं. स्टॅलिन गेल्यावर चौकशा फिरल्या, निर्दोष असल्याचा कागद मिळाला आणि त्याबरोबर मृत्यूचा दाखला : न्यूमोनिया, १९४३. मग १९८९ला दुसरा दाखला आला : गोळी घालून, १९३८. एकाच माणसाचे दोन मृत्यू, दोन्हीवर सरकारी शिक्का. आजीने दोन्ही जपून ठेवले होते, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. शहराबाहेर मॉस्को रस्त्यावर बाराव्या किलोमीटरपाशी अशांचं स्मारक आहे, हजारो नावांच्या पाट्या. त्यात पणजोबांचं नाव आहे.

जळगावची मुलगी म्हणाली, "मग मॅडम, तुमची आजी स्टॅलिनला शिव्या देत असेल."

"तो मेला तेव्हा ती रडून रडून आजारी पडली," मॅडम म्हणाल्या. आजीचं म्हणणं, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, खालच्यांनी केलं. राजा चांगला, कारभारी वाईट, हे आपल्याकडेही ऐकलेलं आहे. आजीचा नवरा, म्हणजे मॅडमचे आजोबा, त्याच स्टॅलिनच्या फौजेतून लढत बर्लिनपर्यंत गेलेले. त्या युद्धात रशियाच्या हिशेबाने २ कोटी ६६ लाख सोव्हिएत माणसं गेली. घरात भिंत एकच, तिच्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी : ज्याला नेलं तो, आणि जो जिंकून आला तो. "तू मला विचारतेस कुठला फोटो काढू," मॅडम म्हणाल्या. कुणी तसं विचारलं नव्हतं.

भाईंना आकड्यांशिवाय चैन पडत नाही. त्यांनी फोनवर शोधून वाचून दाखवलं, लेवादा नावाची पाहणी करणारी संस्था आहे, तिच्या २०१९च्या पाहणीत ७० टक्के रशियनांनी स्टॅलिनचं काम एकंदर चांगलं म्हटलं, आणि २०२०ला ७५ टक्के म्हणाले की देशाच्या इतिहासात सोव्हिएत काळच सगळ्यात उत्तम. (या संस्थेला तिथल्या सरकारने २०१६पासून 'परकीय हस्तक' ठरवलंय.) "मतलब कम्युनिझम वापस मांगते हैं," भाईंचा निष्कर्ष. मॅडमनी विचारलं, "मग निवडणुकीत कम्युनिस्टांना किती मिळतात बघा." २०२१ला १९ टक्क्यांच्या आसपास. भाई गप्प. सोव्हिएत संघ मोडल्याची हळहळ का वाटते असं विचारलं की लोक सांगतात ते एकसंध अर्थव्यवस्था मोडल्याचं आणि महासत्तेचे नागरिक असल्याची भावना गेल्याचं. शेतं सामुदायिक करा असं म्हणायला कोणी येत नाही. मॅडमची आई अवजड यंत्रांच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती. १९९२च्या जानेवारीत भाव मोकळे सोडले आणि तिची बचत काही महिन्यांत बसच्या भाड्याइतकी उरली. पुढे पगारही महिनोन्महिने थकायचा, एकदा पगाराऐवजी पातेली दिली. ती बाई आजही कम्युनिस्टांना मत देते आणि रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावते. मला हे ऐकताना आमच्या चाळीतले म्हातारे आठवले. साच्यांच्या आवाजाने कान गेलेले, छातीत कापूस बसलेला, बदलीसाठी पहाटे गेटवर उभे राहून आयुष्य गेलेलं, पण 'भोंगा' म्हटलं की डोळे चमकतात. एकालाही नातू साच्यावर पाठवायचा नाही.

बुद्धिबळवाल्याने युक्रेनचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते पुढच्या लेव्हलला." पुढची लेव्हल नाहीये, हे माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. त्यांची आई अजून तिथेच आहे आणि त्यांना दरवर्षी जावं लागतं. मी त्या मुलाला जिन्यात सांगितलं, पुन्हा विचारू नकोस.

दहाव्या आठवड्यात फोटो नेला. पहिली ओळ मी स्वतः वाचली, लाटांसकट : प्रिय भारतीय कॉम्रेडला. दुसऱ्या ओळीला मॅडमनी हात दिला : चांगल्या, लांब आठवणीसाठी. तिसरी : मुंबई, नोव्हेंबर १९६७. बाबांचं नाव कुठेच नाही. मॅडम हसल्या, म्हणाल्या, हे तर आमच्याकडे प्रत्येक फोटोच्या मागे लिहितात, तुमच्या लग्नाच्या पाकिटावर 'शुभाशीर्वाद' लिहितात तसं. खरं सांगायचं तर मी जरा खट्टू झाले. पंचावन्न-साठ वर्षं ट्रंकेत जपलेला मजकूर, आणि तो निघाला छापील.

मग त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. नोव्हेंबर १९६७, क्रांतीची पन्नाशी. ७ नोव्हेंबर हा तेव्हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. आता त्या दिवशी सुट्टीही नसते. २००५पासून सुट्टी ४ नोव्हेंबरला, १६१२ साली पोलिश फौजेला मॉस्कोतून हुसकावलं त्याची. सण उरला तो ९ मे, हिटलरवरच्या विजयाचा. त्या दिवशी लाल चौकात संचलन होतं तेव्हा लेनिनची समाधी सजवलेल्या फळ्यांनी झाकून टाकतात. लेनिन आतच, पण दिसायचा नाही. २०२२च्या फेब्रुवारीत पुतिनने भाषणात युक्रेन निर्माण केल्याचा दोष लेनिनवर टाकला. उलट मे २०२५मध्ये मॉस्कोच्या तागान्स्काया मेट्रो स्टेशनात स्टॅलिनचं, साठच्या दशकात काढून टाकलेलं शिल्प नव्याने बसवलं. "लेनिनने राज्य मोडलं, स्टॅलिनने वाढवलं," मॅडम म्हणाल्या. "सरकार कुठलंही असो, त्याला वाढवणाराच आवडणार." कॅमेरा बंद होता हे सांगायला नकोच.

राष्ट्रगीत मात्र त्यांनी कॅमेरा चालू ठेवून ऐकवलं. सर्गेई मिखाल्कोव या एकाच कवीने त्याच चालीवर तीनदा शब्द दिले. १९४४च्या गीतात (तेव्हा जोडीला आणखी एक जण होता) स्टॅलिन, १९७७ला स्टॅलिन वगळला, आणि २०००ला पुतिनने ती चाल परत आणली तेव्हा देव घातला. १९७७च्या आधीची वीसेक वर्षं गीत नुसतं वाजायचं, शब्द म्हणायचे नाहीत. पोरांना ही माहिती परीक्षेला उपयोगी नाही. पण ती सहाही जणं घरी जाताना जिन्यात ती चाल गुणगुणत होती.

माझ्याकडून मी एक भर घातली. अण्णा भाऊ साठे १९६१ला रशियाला जाऊन आले, हे बाबा शंभरदा सांगायचे. २०२२ला मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा बसला. मॅडमना ठाऊक नव्हतं. सांगलीच्या पोराला मी पत्ता लिहून दिलाय, तिकडे गेलास की फोटो पाठव म्हणून.

शेवटच्या दिवशी मॅडमनी घरून ओलिव्हिए सॅलड आणलं. म्हणजे आपल्या लग्नांतलं 'रशियन सॅलड', फक्त त्यात अननस नाही. भाईंसाठी बटाटा-गाजराशिवाय, अंड्याशिवाय, मेयोनीजशिवाय वेगळा डबा, म्हणजे खरं तर वाटाणे. भाईंनी ते मन लावून खाल्ले.

तर साडेतीन तारे. हस्ताक्षर, क्रियापदं, मॅडम यांना पाच. बोलण्याचा सराव कमी, त्याला दोन. झेरॉक्स नोट्सची पानं १४ ते १९ कोरी आहेत, बदलून मागून घ्या. एमबीबीएसवाल्यांनी नुसतं यावर विसंबू नये, डॉक्टरी शब्द जेमतेम चाळीस होतात.

राहिले पैसे. अकराव्या-बाराव्या आठवड्यातल्या मिळून चार तासिका झाल्याच नाहीत. हॉल नीटच्या क्रॅश कोर्सला दिला होता. शेवटचा सॅलडचा कार्यक्रमही गच्चीवर झाला. तासिकेला ३५० प्रमाणे १,४०० होतात. मॅडमचा यात काही संबंध नाही, त्यांनाही आयत्या वेळी कळलं. ऑफिसच्या नंबरवर तीनदा विचारल्यावर मेसेज आला, "पैसे पुढच्या बॅचमध्ये ॲडजस्ट केले जातील."

मी उलट लिहिलं, "कोण करणार? कर्ता घाला."

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.